डबा उचलला तेव्हाच कळायला हवं होतं

बोटीच्या दुरुस्तीत भामट्यानं फसवलं, पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण बंदरावर "शिकलेला नाखवा फसला" म्हणून जे दबकं हसू चालतं ते जास्त झोंबतं. म्हणून आधीच सांगतो, मी आंधळा नव्हतो, घाईत होतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी. बोट वर ओढून शाकारलेली. जुलै संपत आला की अख्ख्या रायगडच्या किनाऱ्याला एकाच वेळी तळ रंगवायचा असतो, मशीन म्हणजे इंजिन उघडायचं असतं. नेहमीचा फायबरवाला आणि मेकॅनिक दोघेही दुसऱ्यांनी धरून ठेवलेले. भामटे कारागीर नेमके त्याच आठवड्यात उगवतात.

"नाखवा, तुम्ही फक्त नारळ आणा, बोट पाण्यात घालून देतो." असाच एक कारागीर आला, मुंबईच्या ससून डॉकला मोठ्या बोटींची कामं करतो म्हणाला. मोबाइलवर फोटो दाखवले. बोलण्यात शाफ्टचं पॅकिंग, इंजेक्टर, सगळे शब्द बरोबर. कोण संशय घेईल?

हिशेब असा. रंगाचे २० लिटरचे दोन डबे २३,००० रुपये. तळाला दोन ठिकाणी फायबर मारायचं २२,०००. मशीनचं काम, पाण्याच्या पंपाच्या नव्या इम्पेलरसकट (पाणी ढकलणारं रबरी पात्यांचं चाक), ३१,५००. मजुरी ११,०००. एकूण ८७,५००. त्यातले ४०,००० आगाऊ यूपीआयने, ३५,००० रोख, आणि "सामान अडकलंय" म्हणून आणखी १२,५०० फोनवरूनच. यूपीआयवर नाव भलत्याचंच आलं. "मेहुण्याचं खातं आहे," म्हणाला. अशी खाती मेहुण्याचीच का असतात, हे तुम्हाला माहीत आहे, मलाही होतं. पण गणपतीच्या आधी चार पैसे हातात यायचे तर बोट पहिल्या दिवशी समुद्रात हवी, आणि खलाशांना उचल देऊन बसलेलो.

आता तो डबा. रात्री झोप लागत नाही ती या डब्यामुळे.

तळाला लावतात तो रंग साधा नसतो. त्यात तांब्याचं ऑक्साइड असतं, तेच हळूहळू पाण्यात सुटतं म्हणून शेवाळ आणि शिंपल्या धरत नाहीत. तांबं जड, म्हणून रंगही जड. तांबं भरपूर असलेला चांगला रंग लिटरला दीड किलोच्या वर जातो. म्हणजे २० लिटरचा डबा तीस किलोच्या पुढे हवा. त्या कारागिराबरोबरचं सोळा-सतरा वर्षांचं पोरगं टेम्पोतून तो डबा एका हातात लटकवत, चिखलातून, शीळ घालत घेऊन आलं. मी समोर उभा होतो. मी बघितलं. वर माझ्याच मनात आलं की पोरगं दणकट आहे! दुसरा डबा पुढच्या वर्षासाठी म्हणून न उघडता ठेवलेला. नंतर मासळीच्या काट्यावर चढवला तेव्हा २३ किलो भरला, डब्यासकट. निम्म्या भावात मिळतोय म्हणून दोन घेतले होते. हसा.

आणखी एक. त्यानं तळाला लावलेल्या झिंकच्या वडीवरही रंग फासला. झिंक उघडं राहिलं तरच ते स्वतः झिजून शाफ्ट आणि पंखा वाचवतं. रंगवलेलं झिंक लावलं काय, न लावलं काय. काम येणारा माणूस झिंकला ब्रश लावत नाही. तुमचा कारागीर लावताना दिसला तर तिथेच त्याचा हात धरा.

ऑगस्ट संपायच्या आत बोट जड चालायला लागली, डिझेल जास्त खाऊ लागली, मशीन तापू लागलं. ओढून वर घेतली तर तळाला शिंपल्यांचं रान, रंग नखानं निघतोय. फायबरच्या जागी मोटारीच्या पत्र्याला भरतात ती पुट्टी. नाण्यानं ठोकून बघा, पोकळ आवाज येतो. मी ठोकलं, पण पैसे दिल्यावर. आणि "नवा" इम्पेलर म्हणजे जुनाच, ग्रीस लावून चकचकीत केलेला. रबराची पाती एका बाजूला वाकून बसलेली असली तर तो वापरलेलाच. जुना सुटा भाग हातात घेतल्याशिवाय नव्याचे पैसे देऊ नका. सगळं काम पुन्हा करून घ्यायला ६४,२०० रुपये गेले, मोसमाचे दिवस गेले ते वेगळेच.

आणि मग सरकारी दारं. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "काम केलंय ना त्यानं? मग फसवणूक कसली? ही दिवाणी बाब." जणू डब्यात पाणी भरून दिलं असतं तरी डबा दिला म्हणून काम झालं! १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तर पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत म्हणे. अहो, कुठल्या फसवणुकीत माणूस स्वतः पाठवत नाही? मत्स्य खात्याच्या कार्यालयात उत्तर मिळालं की आम्ही नोंदणी, परवाना, डिझेलचा परतावा बघतो, रंगाचं आमच्याकडे नाही. विमावाल्यानं अपघात नाही म्हणून फाइल बंद केली. मच्छीमार संस्थेचे चेअरमन तर म्हणाले, "मला विचारून दिलेस का पैसे?" प्रत्येक जण पुढच्या दाराकडे बोट दाखवतो आणि तिथला शिपाई जेवायला गेलेला असतो.

"दिवाणी बाब" ऐकून मागे फिरू नका. खोटा माल खरा सांगून पैसे काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ठाण्यात नोंदवून घेत नसतील तर तीच तक्रार लेखी, पोस्टानं जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे धाडा. पोच जपून ठेवा.

ग्राहक आयोगातही एकानं घाबरवलं, "बोट धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही." साफ खोटं. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी धरत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. पण बिल मागतात, आणि माझ्याकडे वहीतून फाडलेला एक चिटोरा. बिल नाही तर काम नाही, हे तोंडावर सांगायला शिका. मी संकोचलो, कारण तो चहा पीत आमच्याच ओट्यावर बसला होता.

तक्रार दाखल केली आहे, २३ किलोचा तो डबा पुरावा म्हणून घरी कोपऱ्यात आहे. त्याच माणसानं आमच्या बंदरात आणखी दोघांची कामं केली. एक जण लाजेनं सही करायला तयार नाही. दुसऱ्याची बोट अजून पाण्यात आहे. तळ बघ म्हणून सांगितलं, तर म्हणतो, दिवाळी होऊ दे.