पोमोडोरो की वेळेचे कप्पे?

पोमोडोरो पद्धत इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस बसवली. २५ मिनिटं एकच काम, ५ मिनिटं विश्रांती, असे चार फेरे झाले की मोठी सुट्टी. दुसऱ्या पद्धतीत दिवसाचे आधीच कप्पे पाडायचे आणि प्रत्येकात एक काम ठेवायचं.

लातूर-नांदेडला नीटच्या तयारीला बसलेल्या मुलांना मी कप्पेच सुचवेन. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, दुपारी पत्र्याच्या खोलीत डोकं चालत नाही. भौतिकशास्त्र पहाटे ५ ते ८, दुपारी नुसती उजळणी, ही आखणी इथलं ऊनच करून देतं. शिवाय अवघड गणित सुटत आलं असताना २५ मिनिटांची घंटा वाजली की लय तुटते. आणि झोपेचा कप्पा कापायचा नाही, हे मी प्रत्येक पोराला हात जोडून सांगेन.

पुस्तक उघडायचाच कंटाळा आला, तर मात्र पोमोडोरो. घरचं शेत सांभाळून शिकणाऱ्यांनाही तीच बरी. वीज आली की मोटार चालू करायला पळावं लागतं. तिथे तीन तासांचा कप्पा टिकत नाही, २५ मिनिटं मिळतात.