शाळेचे मूल्यमापन: प्रावीण्य की प्रगती?

अमेरिकेतील राज्यांनी शाळांना उत्तरदायी धरताना प्रावीण्य (किती विद्यार्थ्यांनी ठरलेली पातळी गाठली) मोजावे की प्रगती (प्रत्येक विद्यार्थी आधीच्या वर्षापेक्षा किती पुढे गेला), असा पेच एका शिक्षिकेने मांडला आहे. प्रावीण्याची टक्केवारी काढणे स्वस्त असून पालकांना ती चटकन कळते. मात्र त्या आकड्यात शाळेच्या कामाइतकीच मुलांच्या घरची परिस्थितीही उतरते. २००२ च्या केंद्रीय कायद्याने २०१४ पर्यंत सर्वच विद्यार्थी प्रवीण व्हावेत असे लक्ष्य ठेवले आणि निकष ठरवणे राज्यांवरच सोपवले, तेव्हा काहींनी ते सैल केले यात नवल नाही. प्रगतीसाठी प्रत्येक विद्यार्थ्याच्या सलग वर्षांच्या नोंदी लागतात, आकडेमोड क्लिष्ट असते आणि लहान शाळांचे निकाल हेलकावतात. २०१५ च्या कायद्याने प्रावीण्य अनिवार्य ठेवून प्रगतीलाही वाव दिला. अभ्यासक्रमाचे निकष गाठले का, हे तपासायचे असल्यास प्रावीण्य पुरेसे आहे. शाळेवर कारवाई ठरवायची असल्यास प्रगतीच पाहावी.