इन्स्टंट यीस्ट: माल चोख, पाकिटावरची कृती फसवी

घरी पिझ्झा करायचा म्हणजे दुकानातून तयार बेस आणून त्यावर सॉस आणि चीज पसरायचे, अशी आमच्याकडची रीत होती. यंदा मे महिन्यात पुण्यातल्या बेकरी-सामानाच्या एका दुकानातून इन्स्टंट यीस्टची, म्हणजे पीठ फुगवणाऱ्या कोरड्या खमिराची, दहा ग्रॅमची पाकिटे आणली आणि ती रीत मोडली. दोन महिने झाले, त्या वेळी आणलेल्या पाकिटांपैकी दुसरे अजून निम्मे शिल्लक आहे. पहिले मात्र एकाच दिवशी संपले, आणि माझी तक्रार नेमकी त्याच दिवसाची आहे.

पाकिटाच्या मागे छापलेल्या कृतीप्रमाणे अर्धा किलो मैद्याला सगळेच्या सगळे दहा ग्रॅम यीस्ट घातले. साखर घातलेल्या कोमट पाण्यात ते दहा मिनिटे भिजवावे, असेही तिथे लिहिले होते. मी तसेच केले. उन्हाळ्यातल्या स्वयंपाकघरात अर्ध्या तासाच्या आतच पिठाने पातेल्याचे झाकण उचलले. कृतीत सांगितलेला तास भरेपर्यंत ते फुगून पुन्हा खाली बसले होते, आणि त्याला शिळ्या बिअरसारखा उग्र वास येत होता. पिझ्झा भाजला गेला, पण त्याला कोरड्या पावाची चव होती.

यात यीस्टचा दोष काहीच नव्हता. उलट ते फारच जोमदार निघाले. इन्स्टंट प्रकाराचे दाणे इतके बारीक असतात की ते कोरड्या मैद्यात थेट मिसळता येतात. आधी भिजवण्याची गरज असते ती जाड दाण्याच्या ॲक्टिव्ह ड्राय यीस्टला. प्रमाणाचे म्हणाल, तर युरोपीय संघाने 2010 साली इटलीतल्या नेपल्सच्या पारंपरिक पिझ्झाची कृती नियमबद्ध केली, तिच्यात एक लिटर पाण्याला सुमारे 1.8 किलो पीठ आणि फक्त 3 ग्रॅम ताजे, म्हणजे ओलसर यीस्ट आहे. ताज्या यीस्टच्या साधारण एक तृतीयांश कोरडे यीस्ट पुरते, म्हणजे हिशेबाने 1.8 किलो पिठाला जेमतेम एक ग्रॅम. माझ्या पाकिटावरची कृती पिठाच्या मानाने त्याच्या छत्तीस पट यीस्ट घालायला सांगते. पिठाला तासाभरात फुगवायची घाई असली की असे होते; स्वाद मात्र सावकाश आंबण्यातूनच येतो.

दुसऱ्या वेळी 500 ग्रॅम मैदा, 300 ग्रॅम गार पाणी, 10 ग्रॅम मीठ आणि एक ग्रॅम यीस्ट घेतले. साधा काटा एक ग्रॅम नीट दाखवत नाही, म्हणून मापाच्या छोट्या चमच्याचा तिसरा भाग धरला. आधी पीठ नुसते कालवून वीस मिनिटे झाकून ठेवले, मग परातीत दहा मिनिटे तिंबले. सुरुवातीला बोटांना चिकटणारा तो चिखल सातव्या-आठव्या मिनिटाला अचानक हात सोडतो, गुळगुळीत होतो, आणि चिमटीत धरून ताणला तर पातळ पडद्यासारखा पसरतो, पण फाटत नाही. आई शेजारी उभी होती. तिने बोटाने दाबून पाहिले आणि म्हणाली, "अरे, ही तर पुरणपोळीची कणीक झाली की!" खरे सांगायचे तर माझा सगळा आनंद या एका क्षणात आहे, पुढचा पिझ्झा हा त्यावरचा वरकड नफा.

दोनशे ग्रॅमचे चार उंडे तेलाचा हात लावलेल्या डब्यात घालून फ्रिजमध्ये चोवीस तास ठेवले. थंडीत यीस्टचा वेग मंदावतो, पण पिठातल्या पिष्टाची हळूहळू साखर होत राहते. तिच्यामुळे चव गोडसर येते आणि कडेला तपकिरी डाग पडतात. भाजण्याआधी उंडे दोन तास बाहेर काढून ठेवावेत. लाटणे अजिबात वापरू नये, कारण कडेची हवा निघून जाते. भाकरीसारखे मधून कडेकडे हातानेच थापावे. घरच्या ओटीजीची (विजेच्या छोट्या ओव्हनची) मजल 250 अंशांपर्यंतच, त्यामुळे नेपल्सच्या भट्टीसारखा दीड मिनिटात पिझ्झा होणार नाही. बिडाचा तवा उलटा घालून अर्धा तास तापवला, तर आठ मिनिटांत तळ खरपूस होतो, आणि कापलेल्या कडेत लहान-मोठी भोके दिसतात.

पाकिटाविषयी आणखी एक गाऱ्हाणे: ते पुन्हा बंद करण्याची सोय नाही. उघडल्यावर उरलेले यीस्ट कोरड्या काचेच्या बरणीत घट्ट झाकून फ्रीजरमध्ये ठेवावे लागते, आणि पावसाळ्यात तर ओला चमचा चुकूनही लावू नये. बेकरीवाले घेतात तो अर्ध्या किलोचा पुडा स्वस्त पडतो खरा, पण या प्रमाणाने तो घरात पाचशे खेपा पुरेल. आपण दहा ग्रॅमचेच पाकीट घ्यावे, तारीख पाहून.