जुनी गाडी, नवी ॲक्सेसरी आणि लपंडाव खेळणारा बिघाड: स्कॅनर, वायरमन की घरचा मल्टिमीटर?

गाडी २००६-०८ची आहे असं धरू. पहिल्या पिढीची स्विफ्ट, वॅगनआर, सँट्रो, इंडिका, कुठलीही. इंजिन ठणठणीत, पत्र्याला गंज नाही, विकायला मन होत नाही, म्हणून मालकाने तिला जरा नवेपण आणलं. अँड्रॉइड स्टिरिओ, रिव्हर्स कॅमेरा, एलईडी हेडलाइट, डॅशकॅम, रिमोट लॉक. काही महिने सगळं छान चालतं. मग पावसाळ्यात सेंट्रल लॉक आपोआप टकटक करायला लागतं, खड्ड्यात आदळली की स्टिरिओ बंद पडून पुन्हा सुरू होतो, एखाद्या सकाळी सेल्फ मारला तर नुसता ‘टक्’ आवाज. गॅरेजात नेली की मात्र गाडी एकदम साळसूद. जॉब कार्डवर ‘तक्रार आढळली नाही’ असा शेरा घेऊन परत येते.

अशा वेळी पर्याय तीन. कंपनीचं सर्व्हिस सेंटर किंवा चांगला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, असलेलं गॅरेज. ऑटो इलेक्ट्रिशियन, म्हणजे आपल्याकडचा वायरमन. किंवा मल्टिमीटर आणून स्वतःच शोधणं. चौथाही एक आहे, लावलेलं सगळं काढून गाडी मूळ रूपात आणण्याचा. तो वाटतो तितका सरळ नाही, म्हणून त्याचं शेवटी बघू.

माझा कल आधीच सांगून टाकतो. त्रास नवी वस्तू बसवल्यानंतर सुरू झाला असेल तर पहिला संशय जोडांवर घ्यावा: नवी वायर जुन्या वायरीला जिथे जोडली ती जागा, आणि अर्थिंगचे बोल्ट. ‘ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेलाय’ हे निदान सगळ्यात शेवटी ऐकून घ्यावं. त्यामुळे तिन्ही मार्ग मी एकाच कसोटीवर तोलतो: बिघाड हजर असताना त्या जोडापर्यंत कोण पोचू शकतं?

स्कॅनरला काय दिसतं आणि काय दिसत नाही

स्कॅनर लावला की गाडीचं सगळं कळतं, असा एक समज पसरलेला आहे. जुन्या गाडीच्या बाबतीत तो निम्मासुद्धा खरा नाही. बीएस-४, म्हणजे गाडीच्या धुरावरचं बंधन, एप्रिल २०१०मध्ये आधी तेरा शहरांत आलं, त्यात आपली मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. त्याच्यासोबत ओबीडीचा, म्हणजे गाडीने स्वतःचा बिघाड ओळखून कोडने सांगायच्या सोयीचा, पहिला टप्पा आला, आणि दुसरा, ओबीडी-२, एप्रिल २०१३पासून. देशभर बीएस-४ व्हायला २०१७चा एप्रिल उजाडला. म्हणून २००८च्या गाडीत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट दिसलं तरी काहीशे रुपयांचा, मोबाइलवर कोड दाखवणारा ब्लूटूथ ओबीडी तिच्याशी बोलेलच याची खात्री नाही. तिथे त्या कंपनीचा स्कॅनर लागतो, नाहीतर अनेक कंपन्यांच्या गाड्या वाचणारा व्यावसायिक स्कॅनर.

दुसरी अडचण याहून मोठी. या गाड्यांत कॉम्प्युटर इंजिनावर लक्ष ठेवतो, आणि असलेच तर एबीएस व एअरबॅगचे आपापले कॉम्प्युटर असतात. काचा, वायपर, हॉर्न, हेडलाइट हे बहुतेक करून स्विच, फ्यूज आणि रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) यांच्यावर चालतात. तिथे कोड नोंदवायला कुणी बसलेलंच नाही. बाहेरून बसवलेला स्टिरिओ किंवा रिमोट लॉक तर ईसीयूच्या गावीही नसतो. म्हणजे ज्या तक्रारींनी तुम्ही वैतागला आहात, त्यांतल्या बऱ्याच स्कॅनरच्या कक्षेबाहेरच्या.

पण इंजिनाचा प्रश्न असेल तर स्कॅनरला तोड नाही. चालता चालता इंजिन बंद पडणं, गरम झाल्यावर न लागणं आणि थंड झाल्यावर काही न झाल्यासारखं लागणं, हे क्रँकशाफ्ट सेन्सरचं, म्हणजे इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणाऱ्या सेन्सरचं, ओळखीचं लक्षण. पी०३३५ हा कोड मिळाला तर शोध तिथून सुरू करता येतो, वायर आणि कपलर (वायरी जोडणारा प्लग) तपासून मग सेन्सर. ओबीडी-२ असलेल्या गाडीत कोड पडला त्या क्षणीचे आरपीएम, वेग, तापमानही साठवलेलं असतं. लपंडाव खेळणाऱ्या बिघाडात हा सोन्यासारखा पुरावा. आणि वेगवेगळ्या चार-पाच सेन्सरांचे कोड एकदम आले तर आनंदाने पार्ट बदलायला निघू नका. सगळे सेन्सर ठरवून एकाच दिवशी मरत नाहीत. त्यांची अर्थिंग किंवा पुरवठा सामायिक असतो आणि तो कुठेतरी तुटतोय. व्होल्टेज कमी पडल्याचा पी०५६२ त्यांच्यात दिसला तर उत्तर जवळपास मिळालंच.

एक क्रम मात्र पाळा. बॅटरीचं टर्मिनल काढलं की बऱ्याच जुन्या गाड्यांतले कोड पुसले जातात. त्यामुळे ‘आधी बॅटरी काढून रिसेट करून बघू’ हा सल्ला स्कॅनच्या आधी कधीच मानू नये.

सर्व्हिस सेंटरच्या विरोधात जाणारी गोष्ट म्हणजे त्यांची पद्धत. गाडी काही तासांसाठी येते, तेवढ्यात बिघाड दिसला नाही तर विषय संपतो. बाहेरची ॲक्सेसरी दिसली की ‘आधी ते काढून आणा’ असं ऐकायला मिळतं. राग येतो, पण त्यांच्या जागी बसून पाहिलं तर ते फार चुकीचं नाही. दुसऱ्याने कापलेल्या हार्नेसची, म्हणजे वायरींच्या जुडग्याची, जबाबदारी कोण घेणार?

वायरमन: बल्बची कांडी आणि हाताची सवय

चांगल्या वायरमनकडे बहुधा महागडं काही नसतं. बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प, पक्कड, सोल्डरिंग आयर्न. पण टेस्ट लॅम्पला एक गुण आहे जो मल्टिमीटरला नाही. जोड गंजून नावापुरता टेकलेला असेल तरी मल्टिमीटर १२.४ व्होल्ट दाखवतो, कारण तो स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. बल्ब मात्र करंट मागतो आणि तिथेच मिणमिणतो. ‘व्होल्टेज तर येतंय’ असं म्हणत तासन्‌तास घालवणाऱ्यांची फसगत इथेच होते.

शिवाय नवीन सामान बसवताना काय काय उद्योग केले जातात हे त्याला आतून माहीत असतं. वायर न कापता दाबून बसवायचे क्लिप-जोड, जे तारा अर्धवट चावतात. उन्हात वितळून सुटलेली टेप. स्टिरिओची काळी वायर डॅशबोर्डच्या रंगवलेल्या स्क्रूवर, म्हणजे रंगाच्या थरावरच, दिलेली अर्थिंग. मूळ ६०/५५ वॉटच्या जागी १००/९० वॉटचे बल्ब आणि रिले नाही. यातलं गणित साधं आहे: दोन्ही बल्ब पेटले की १०च्या जागी जवळपास १७ अँपिअर. ज्या गाडीत हा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो तिथे अर्ध्या तासाने हेडलाइट जातात आणि स्विच थंड झाला की परत येतात. कपलर काढून बघितला तर प्लास्टिक तपकिरी पडलेलं असतं. हे कुठल्याच स्कॅनरमध्ये दिसणार नाही. नाकाला मात्र कळतं.

कोकणात आणि मुंबईच्या किनारपट्टीला आणखी एक भर: खारी हवा. तांब्यावर हिरवी बुरशी चढते, तीही बरेचदा इन्सुलेशनच्या आत शिरून. बाहेरून वायर नवी, वाकवली की कुरकुरते. त्यात उंदरांनी हार्नेस कुरतडलेला असेल तर बघायलाच नको.

वायरमनची धोक्याची बाजूही तितकीच खरी. टेस्ट लॅम्प सेन्सरच्या किंवा ईसीयूच्या वायरीला लावणं म्हणजे नाजूक सर्किटमधून नको तितका करंट ओढणं. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला तर त्याने हातही लावू नये, आणि तुम्हीही नाही. वायरमन कसा निवडायचा? बॉनेट उघडण्याआधी तो ‘काय काय बसवलंय, आणि कुठल्या क्रमाने?’ असं विचारतो का, हे बघा. विचारत नसेल आणि थेट ‘बॅटरी टाकून बघू’ म्हणत असेल तर चहा पिऊन निघा. फ्यूज उडतोय म्हणून १५च्या जागी ३० अँपिअरचा टाकणाऱ्याकडे तर चहासाठीही थांबू नका. आग अशीच लागते.

घरचा मल्टिमीटर

हजाराच्या आसपासचा मल्टिमीटर पुरतो, कमाल-किमान नोंद ठेवणारा मिळाला तर उत्तम. या मार्गाचा खरा फायदा असा की बिघाड होतो तेव्हा गाडीत तुम्हीच असता.

सुरुवात बॅटरीपासून. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. सेल्फ मारताना ९.६च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ मिळायला हवेत. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून तेच टर्मिनल मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनित्राचा) डायोड संशयित, आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या वेड्यावाकड्या वागण्याचं ते एक नीट न तपासलं जाणारं कारण आहे.

त्यानंतर माझ्या मते सगळ्यात मोलाची चाचणी: अर्थिंगवरचा व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट गळतात ते. इंजिन चालू, हेडलाइट, पंखा, मागची काच तापवणारी जाळी सगळं चालू. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, मग बॉडीवर, मग स्टिरिओच्या काळ्या वायरीवर. ०.१-०.२ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर त्या वाटेवरचा थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी), बोल्ट किंवा पट्टी साफ करून घट्ट करायची. आकडा वाचत असतानाच कुणाला तरी हार्नेस हलवायला सांगा. आकडा उडी मारेल तिथे जोड सापडला.

सकाळी बॅटरी उतरलेली मिळते, ही तक्रार असेल तर मल्टिमीटर बाकी दोघांच्या पुढे. गाडी बंद करून, दारं लावून, अर्धा तास तरी थांबायचं, कारण काही वस्तू झोपायला वेळ घेतात. ५० मिलिअँपिअरच्या आत गळती चालते. ती ३०० असेल तर ३५ अँपिअर-तासाची छोटी बॅटरी पाचेक दिवसांत पूर्ण रिकामी होते, आणि गाडी सुरू न होण्याइतकी त्याच्या निम्म्या वेळात. म्हणजे शुक्रवारी लावलेली गाडी सोमवारी रुसते, आणि रोज चालवली तर कधीच रुसत नाही! फ्यूज एकेक उपटून बघण्यापेक्षा प्रत्येक फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. शून्य नाही तिथून करंट जातोय. मीटर अँपिअरवर, बॅटरीचा खांब आणि त्याची केबल यांच्या मधोमध जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका. फ्यूज किंवा मीटर जाईल.

नेहमीचे चोर सांगतो: चावीवर चालणारी लाल आणि कायम जिवंत पिवळी वायर एकत्र करून कायम चालू ठेवलेला स्टिरिओ, पार्किंग मोडमधला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर. आणि बिघाड शोधायला लावून तसाच ठेवलेला ब्लूटूथ ओबीडी. त्या सॉकेटची सोळावी पिन चावी काढली तरी जिवंत असते. कुंपणच शेत खातं, ते असं.

मर्यादा उघड आहे. तुमच्याकडे वायरिंगचा नकाशा नसतो, डॅशबोर्ड उघडायचा सराव नसतो, आणि मागच्या सीटखालून गेलेली वायर शोधायला रविवार पुरत नाही. जोड सापडल्यावर तो नीट दुरुस्त करणं हे पुन्हा वायरमनचंच काम.

सगळं काढून टाकणं

हा पर्याय तर्काला पटतो, पण यात दोन खड्डे आहेत. एक, स्टिरिओ काढला तरी त्याच्यासाठी सोललेली मूळ वायर तशीच राहते. वस्तू गेली, जखम राहिली. दुसरा खड्डा वेळेचा. बिघाड आठवड्यातून एकदा येत असेल तर दोन दिवस शांततेत गेले म्हणून काहीच सिद्ध होत नाही. निदान दोन-तीन आठवडे थांबावं लागतं. म्हणून एकेक वस्तू काढत बसण्यापेक्षा निम्म्या वस्तू एकदम बंद करा, थांबा, मग उरलेल्या निम्म्या. एलईडी दिव्यांपुरती मात्र झटपट चाचणी आहे: दिवे लावताच एफएमवर खरखर आली तर त्यांना करंट पुरवणाऱ्या सर्किटचा गोंगाट इतर वायरींतही शिरत असणार.

मग निवडायचं काय?

चेक लाइट लागते, इंजिन बंद पडतं किंवा झटके देतं: आधी स्कॅनर, आणि कोडचा कागद हातात घेऊनच तिथून निघा. एबीएस किंवा एअरबॅगचा दिवा: फक्त सर्व्हिस सेंटर. बॅटरी उतरते: मल्टिमीटर. दिवे, काचा, लॉक, स्टिरिओ यांचा खेळ: वायरमन, पण अर्थिंगचे आकडे स्वतः मोजून कागदावर लिहून न्या. कुठेही जा, सोबत नोंदवही असू द्या. पाऊस होता का, गाडी गरम होती का, त्या क्षणी काय काय चालू होतं. ‘कधी कधी बंद पडते’ यापेक्षा ‘पंखा आणि हेडलाइट दोन्ही चालू असतील तेव्हाच’ हे वाक्य वायरमनचा अर्धा दिवस वाचवतं.

दोन-तीन तक्रारी एकत्र असतील, आणि पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील, तर मी वायरमन निवडेन. काम ‘बिघाड शोधा’ असं न देता ‘बाहेरून घातलेले सगळे जोड उघडा, सोल्डर करून हीट श्रिंक (तापवली की आवळणारी) नळी चढवा, प्रत्येक वस्तूला स्वतःचा फ्यूज द्या, अर्थिंग नव्याने काढा’ असं द्यावं. काम मोजता येतं, दरही आधी ठरतो. एवढं झाल्यावरही लपंडाव सुरू राहिला तरच ईसीयूचा विषय काढू द्या, आणि तेव्हाही जुन्या बाजारातून आणलेला ईसीयू घेण्याआधी विचारून घ्या की गाडीला इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा) आहे का. असेल तर तो ईसीयू चावीशी जुळवल्याशिवाय इंजिन लागणारच नाही.