पिवळा फॉग, पांढरा एलईडी की नुसता डिपर?

मावसभाऊ भांडुपला राहतो. दर गणपतीला गाडी घेऊन चिपळूणला जातो, पावसाळ्यात एखादं लोणावळा, एखादं माळशेज. उरलेलं वर्षभर गाडी एलबीएस रोडवर रांगते. यंदा त्याने जुनी हॅचबॅक घेतली. बेस मॉडेल असल्यामुळे बंपरमध्ये फॉग लॅम्पच्या (धुक्यात लावायच्या दिव्यांच्या) जागी नुसती काळी प्लास्टिकची झाकणं. परवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून त्याने मला चार फॉग दिव्यांचे फोटो पाठवले आणि खाली एकच प्रश्न: "दादा, यातला सगळ्यात जास्त उजेड कशाचा?"

ज्याचा सगळ्यात जास्त, तो पहिला बाद कर, असं मी कळवलं. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. म्हणून हे जरा लांबण.

मुंबईत फॉगची गरज किती, ते आधी बघू. हवामानखात्याच्या भाषेत दृश्यमानता १,००० मीटरच्या खाली गेली की धुकं, २०० मीटरच्या खाली दाट धुकं, ५०च्या खाली अति दाट. डिसेंबर-जानेवारीत सकाळी ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर जे असतं ते बहुतेक वेळा धुरकं. धूळ, धूर आणि थोडा दमटपणा. त्यात डिपर (हेडलाइटचा खाली झुकलेला झोत) लावला की भागतं. खरी गरज पडते ती जुलै-ऑगस्टमध्ये घाट चढताना. खंडाळा, कसारा, माळशेज, ताम्हिणी इथे ढगच रस्त्यावर येऊन बसलेला असतो आणि कधीकधी बॉनेटचं टोकसुद्धा दिसत नाही. म्हणजे मुंबईकराची फॉगची गरज वर्षाकाठी फार तर काही तासांची आहे. पण त्या तासांत ती खरीखुरी असते.

अशा ढगात अप्पर (हेडलाइटचा लांबवर जाणारा झोत) लावून बघा, समोर ओलं धोतर वाळत घातल्यासारखा पांढरा पडदा येतो. उजेड थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परततो. फॉग लॅम्पची करामत ताकदीत नाही, आकारात आहे. तो खाली बसवलेला असतो (युरोपच्या नियमात मोटारीसाठी जमिनीपासून २५ ते ८० सेंटिमीटर), त्याचा झोत रुंद आणि चपटा असतो आणि वरची कड सुरीने कापल्यासारखी सरळ. तिला कटऑफ म्हणतात. कटऑफच्या वर उजेड गेला नाही तर आपल्या नजरेच्या रेषेतला पडदा उजळत नाही आणि खालची पांढरी पट्टी, कठडा, गटाराची कड दिसते. तेवढंच. लांबचं तो दाखवत नाही आणि दाखवायचंही नसतं.

हे "तेवढंच" किती, ते मोजून बघा. दाट ढगात फॉगने २०-२५ मीटर रस्ता दिसला तर खूप. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर १६-१७ मीटर गेलेच, मग ओल्या डांबरावर बऱ्या टायरनिशी थांबायला आणखी बाराएक. झाले २९. म्हणजे दिसतंय त्याच्या पलीकडे जाऊन गाडी थांबणार. ३०च्या वेगाला हाच हिशोब १९-२० मीटरवर येतो. कुठलाही फॉग घ्या, त्या ढगात तो तुम्हाला ३०चाच परवाना देतो. दुकानदार जो "थ्रो" (झोत किती लांब जातो ते) सांगतो, तो कोरड्या रात्रीचा.

आता ते चार फोटो.

पहिला होता कंपनी फिटिंगचा हॅलोजन सेट. आतला बल्ब गाडीगणिक वेगळा: एच-८ असेल तर ३५ वॅट, एच-११ असेल तर ५५. उजेड मुळातच थोडा पिवळसर, सुमारे ३,००० केल्व्हिन (उजेडाच्या रंगाचं माप; आकडा वाढेल तसा उजेड निळसर पांढरा). दिसायला अगदी सामान्य, आणि मला हाच सगळ्यात आवडतो. काच, रिफ्लेक्टर आणि बल्ब एकमेकांसाठी बनवलेले असल्यामुळे कटऑफ नीट येतो. दोष दोन. एक, वीज खातो: ५५ वॅटचा एक बल्ब साडेचार अँपिअर ओढतो, दोघांचे नऊ, त्यामुळे रिले (जास्त वीज सांभाळणारा वेगळा स्विच) आणि फ्यूज घातल्याशिवाय नुसती स्विचला वायर जोडू द्यायची नाही. दोन, तापतो. एकदा हिंदमात्याच्या तुंबलेल्या पाण्यात पेटलेला फॉग घेऊन शिरलो आणि घरी येऊन बघतो तर डाव्या काचेला आडवी चीर. तापलेल्या काचेवर गार पाणी, दुसरं काय होणार? मात्र हीच ऊब दिव्याच्या आत साचलेला दमटपणाही घालवते, आणि आपल्या चार महिन्यांच्या पावसात ते काही कमी नाही.

दुसरा फोटो त्याच सेटचा, पण काचेवर पिवळी फिल्म. इथे एक गैरसमज काढायला हवा. "पिवळा प्रकाश धुकं भेदतो" असं गॅरेजपासून कॉलेजपर्यंत सगळे सांगतात. आकाश निळं दिसतं ते हवेच्या रेणूंमुळे, कारण ते प्रकाशाच्या तरंगलांबीहून फार लहान असतात आणि निळा जास्त विखुरतात. धुक्याचा थेंब काही मायक्रॉनपासून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पन्नासेक मायक्रॉनपर्यंत मोठा, आणि प्रकाशाची तरंगलांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. एवढ्या मोठ्या थेंबाला पिवळा काय न् निळा काय, सगळे सारखेच. मग पिवळ्याचा उपयोग काय? डोळ्यांना. निळसर पांढरा उजेड परत येतो तेव्हा जास्त टोचतो, नजर लवकर दमते. फ्रान्समध्ये तर १९९३पर्यंत हेडलाइटसुद्धा पिवळे असावेत असा नियम होता. फिल्म थोडा उजेड खाते, पण काहीशे रुपयांत काम होतं आणि नको झाली तर सोलून काढता येते. खंडाळ्यातून रात्री उतरताना अर्ध्या तासात ज्यांचे डोळे चुरचुरायला लागतात, त्यांना हा फरक कळेल. शहरातच फिरणाऱ्याने त्या भानगडीत पडू नये.

तिसरा फोटो म्हणजे ज्यावर मावसभावाचा जीव जडला होता: हॅलोजनच्याच घरात बसणारा पांढरा एलईडी बल्ब, ६,००० केल्व्हिन, डब्यावर हजारोंच्या घरातले लुमेन (उजेडाचं माप). वीज कमी, उजेड भरपूर, आणि "फक्त कपलर लावायचा, वायर कापायची नाही."

यावर मी थोडा जास्त वेळ घालवणार, कारण रस्त्यावरचा निम्मा त्रास या डब्यातून येतो. रिफ्लेक्टरचा प्रत्येक पैलू हॅलोजनच्या चार-पाच मिलिमीटरच्या तारेसाठी, ती तार नेमकी कुठे आहे हे धरून घडवलेला असतो. एलईडी बल्बात ती तार नाही. एका चपट्या दांडीच्या दोन बाजूंना चिपा चिकटवलेल्या, दांडीला जाडी, आणि होल्डरमध्ये ती जराशी फिरली की चिपांची दिशा बदलली. मग कटऑफ फाटतो. जो उजेड खाली पट्टीवर पडायचा तो वर, समोरच्याच्या तोंडावर जातो. भरीला आपल्या गाडीसमोरचे पहिले पाच मीटर असे लखलखतात की आपलीच बाहुली आकसते आणि लांबचं कमी दिसायला लागतं. चालकाला वाटतं, काय मस्त उजेड!

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत, मागच्या भिंतीसमोर, मी हे करून बघितलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ क्रमांकाचा नियम फार छान आहे; त्यात दिवा कुणाचे डोळे दिपवू नये हे नुसतं म्हटलेलं नाही, ते डोळे कुठे असतील तेही सांगितलंय. दिव्यापासून ८ मीटर पुढे, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, जमिनीपासून दीड मीटर उंच. आईची उंची सव्वापाच फूट, म्हणजे तिचे डोळे जवळजवळ तिथेच. टेपने आठ मीटर मोजले, खडूने फुली मारली आणि तिला उभं केलं. तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं व्हायचंय.

हॅलोजन लावला. "हं, दिसतोस की तू काचेआड." शेजाऱ्याकडून उसना आणलेला एलईडी बसवला, इंजिन तेच, दिव्याचा कोन तोच. "अरे बंद कर! गाडी कुठेय? नुसता उजेडच आहे." मग उजवा डोळा झाकून डाव्याने बघायला सांगितलं तर म्हणाली, "दिव्याला झिपऱ्या फुटल्यात." पिकत चाललेल्या भिंगात उजेड पसरतो, त्या या झिपऱ्या. समोरून येणाऱ्या एसटीचा चालक, रिक्षावाला, स्कूटरवरचे काका यांच्यापैकी किती जणांचं ऑपरेशन व्हायचंय, हे आपल्याला काय ठाऊक? ताशी ६०ला सेकंदाला पावणेसतरा मीटर. दिपलेले डोळे सावरायला तीन सेकंद लागले तर तो पन्नास मीटर आंधळा येतोय, आणि येतोय आपल्याच दिशेने.

एलईडीच हवा असेल तर चौथा फोटो बघा: पुढे भिंग असलेला अख्खा एलईडी प्रोजेक्टर फॉग, बल्ब नव्हे, सगळं युनिट. चिप आणि भिंग एकमेकांसाठीच असल्यामुळे कटऑफ रेषेसारखा येतो, वीज कमी लागते आणि ३,००० केल्व्हिनचा पिवळाही मिळतो. पैसे जास्त जातात. चांगला बसवला तर चौघांत हाच सरस, यात वाद नाही. पण बाजारात "प्रोजेक्टर" नावाने नुसतं फुगीर भिंग चिकटवलेलेही असतात. विकत घेण्याआधी दुकानदाराला बॅटरीवर लावून भिंतीवर टाकायला सांगा. वरची कड सरळ नसून ढगासारखी दिसली, तर उठा. आणि रोजची वाट तुंबणाऱ्या रस्त्यांची असेल तर जोडाच्या फटी सीलबंद आहेत का बघा; प्रोजेक्टरमध्ये पाणी शिरलं की तो न धुतलेल्या मत्स्यालयासारखा दिसतो.

टपावर किंवा ग्रिलवर लावायचा एलईडी बार त्याने पाठवला नव्हता, पण दुकानदार दाखवणारच. तो फॉग नाहीच. उंच, गोल पसरणारा, कटऑफशिवाय. धुक्यात तो अप्परपेक्षा वाईट. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या १८२ए कलमात बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. पुढे जा.

आणि पाचवा पर्याय, ज्याचा फोटो कुणी पाठवत नाही: काहीच घ्यायचं नाही. हेडलाइटची काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घ्या, विंडशील्ड आतून पुसा (आतला तेलकट पापुद्रा हे दिपण्याचं मोठं कारण असतं), वायपरची रबरं बदला, डिपरचा कोन तपासून घ्या. ज्याची गाडी दहिसर-मुलुंडचा टोलनाका वर्षात दोनदाच ओलांडते, त्याला मी हेच सांगेन आणि उरलेल्या पैशांत टायर बघायला सांगेन.

फॉग घेतलाच तर कोन आपण तपासायचा, मेकॅनिकच्या "झालं साहेब"वर जायचं नाही. सपाट जागेत भिंतीपासून ८ मीटरवर गाडी लावायची, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखायची. उजेडाची वरची कड त्या रेषेखाली पडली पाहिजे. मी दोन टक्के उतार धरतो, म्हणजे ८ मीटरवर १६ सेंटिमीटर खाली. मागे तीन माणसं आणि डिकीत गणपतीचं सामान बसलं की गाडीचं नाक वर होतं, म्हणून हे भरल्या गाडीत तपासलेलं बरं.

लावायचा केव्हा? ब्रिटनमध्ये साधारण १०० मीटरच्या पुढचं दिसेनासं झालं तरच लावा आणि सुधारलं की बंद करा, असं आहे. आपल्या हायवेच्या कडेला किलोमीटरच्या दगडांमध्ये दर २०० मीटरला २, ४, ६, ८ असे छोटे दगड असतात. त्यांच्यातलं निम्मं अंतर डोळ्यांत बसवून ठेवा. शहरातल्या पावसात मात्र मोह टाळा. ओलं डांबर आरशासारखं वागतं. आपल्या पुढ्यात टाकलेला फॉगचा उजेड त्यावरून घसरून समोरच्याच्या डोळ्यांत जातो, मग कटऑफ कितीही सरळ असो. सायन-पनवेल रस्त्यावर पावसात फॉग लावून येणारी रांग बघितली की मला हॉर्न वाजवावासा वाटतो, पण मी तेवढाही उद्योग करत नाही, डाव्या कडेची पांढरी पट्टी बघत पुढे सरकतो.

घाटात चारही इंडिकेटर चालू ठेवून चालणारे हा वेगळा विषय, पण फॉगशी जोडलेला आहे. ते लावले की तुम्ही थांबलाय की चाललाय कळत नाही, आणि वळायचा इशारा देता येत नाही. मागच्याला दिसायचं असेल तर मागचा लाल फॉग असतो, टेललाइटपेक्षा कितीतरी प्रखर. बऱ्याच गाड्यांत तो एकाच बाजूला असतो, म्हणून लोक "एक बल्ब गेलाय" म्हणून गॅरेजला येतात. जर्मनीत ५० मीटरच्या खाली दृश्यमानता गेल्यावरच तो लावायची परवानगी आहे. ढग सरला आणि मागे गाडी चिकटली की तो बंद करायचा, नाहीतर मागच्याला तुमचा ब्रेकलाइट वेगळा ओळखू येत नाही. डॅशबोर्डवर पुढच्या फॉगची खूण हिरवी असते, मागच्याची केशरी.

मावसभावाने शेवटी कंपनीचा हॅलोजन सेट घेतला, फिल्म मारून, रिलेसकट. रविवारी सोसायटीच्या भिंतीसमोर गाडी लावली, मागच्या सीटवर तांदळाची दोन पोती ठेवली आणि आईला फुलीवर उभं केलं. ती म्हणाली, "तू दिसतोयस. दाढी कर."