टेम्पोवाला ‘खेपेला इतके’ म्हणाला की थांबा: घरच्या राडारोड्यातली फसवणूक

बाथरूम फोडायचं ठरलं की टाइल्स, नळ, मिस्त्रीची मजुरी यावर भरपूर घासाघीस होते. राडारोडा आठवतो तो पोती जिन्यात साचून सोसायटीचा सेक्रेटरी दारात उभा राहिल्यावर. मग घाईत मिळेल त्या नंबरावर फोन जातो आणि पलीकडचं उत्तर ठरलेलं असतं, “खेपेला इतके घेतो, दोन खेपांत मोकळं.” दोन खेपा होतात, पोती निम्मी तिथंच. तिसऱ्या खेपेला भाव वाढतो. उरलेल्या थोडक्या मालासाठी दुसरी गाडी येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

मुळात खेप हे मापच नाही. माप ब्रासचं, म्हणजे 100 घनफूट. वाळू-खडी घेताना ब्रास किती हे सगळे विचारतात, राडारोडा देताना कोणी विचारत नाही. हिशोब अवघडही नाही. 5 बाय 7 फुटांचं बाथरूम, 7 फूट उंचीपर्यंत टाइल्स. दार वजा जाता भिंतींचं क्षेत्र साधारण 150 चौरस फूट. टाइल आणि मागचा मसाला मिळून दीड इंच जाडी धरली तर सुमारे 19 घनफूट. खाली सखल स्लॅबवरचा (पाइपांसाठी खोल घेतलेल्या फरशीखालचा) 9 इंचांचा विटांचा भराव काढला तर आणखी 26. झाले 45. पण फोडलेला माल पोकळ होऊन फुगतो, त्यामुळे 1.4 ने गुणायचं: 63 घनफूट, म्हणजे अर्ध्या ब्रासपेक्षा थोडं जास्त. वजन दोन-सव्वादोन टनांच्या पुढे जातं. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात 30 किलोच भरलं (त्याहून जास्त भरलं की पोतं जिन्यात फाटतं आणि हमालाची कंबर जाते) तर पोती 80 ते 85. फक्त टाइल्स बदलायच्या असतील आणि भरावाला हात लावायचा नसेल, तर हाच आकडा निम्म्याहून खाली येतो. म्हणून काय फोडणार हे मिस्त्रीकडून आधी पक्कं करून घ्या.

आता गाडी. छोट्या हत्तीचा (टाटा एस टेम्पोचा) हौदा साधारण 7 बाय पावणेपाच फूट, उंची 1 फूट. काठोकाठ भरला तरी एक तृतीयांश ब्रास. तेवढ्या राडारोड्याचं वजन सव्वा टनाच्या घरात जातं, आणि गाडीची नोंदणीतली क्षमता पाऊण टनाच्या आसपास. म्हणजे नियमात राहून वरच्या बाथरूमला तीन-चार खेपा लागतातच. ‘दोन खेपांत मोकळं’ म्हणणारा एकतर गाडी जास्त भरणार किंवा नंतर खेपा वाढवणार. म्हणून गाडी आली की टेप लावून हौदा मोजा, फळ्यांच्या आतून मोजा. बाहेरून मोजलं की मापात चार-सहा इंच हवा येते.

भरतानाही हात मारला जातो. पोती उभी ठेवली की मध्ये पोकळी राहते. फाळक्याजवळ रास उंच रचली की मागून गाडी भरलेली दिसते, पुढचा भाग रिकामा. हौद्यात पोती रिकामी करून माल सपाट करायला सांगा. भाव ठरवताना एकच वाक्य लिहून घ्या, निदान मेसेजवर: ब्रासचा दर किती, त्यात हमाली आहे की नाही, आणि कितव्या मजल्यावरून. हमालीचा वाद नेहमी गाडी अर्धी भरल्यावरच निघतो.

वजनावर सौदा असेल तर गाडी आधी रिकामी आणि मग भरलेली, एकाच वजनकाट्यावर. दोन्ही पावत्यांवर गाडी नंबर आणि वेळ बघा. माल पाणी मारून चिंब केलेला असेल तर तुम्ही पाण्याचे पैसे देताय. धुळीपुरता शिंतोडा पुरे.

सगळ्यांत महाग पडतं ते पुढचं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली की राडारोडा जातो नदीपात्रात, नाल्यात किंवा एखाद्या रिकाम्या प्लॉटवर. पोत्यात पार्सलचा खोका किंवा वीजबिल सापडलं की दंडाची नोटीस मालकाला. 2016 च्या केंद्रीय नियमांनी हा कचरा रस्त्यावर किंवा नाल्यात जाऊ न देण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली. ‘टेम्पोवाल्याला पैसे दिले होते’ हा बचाव चालत नाही. पुण्याचा राडारोडा प्रक्रिया प्रकल्प वाघोलीला आहे, मुंबईचे शीळफाट्याजवळ डायघर आणि दहिसरला. तिथं माल उतरल्याची पावती मिळाल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नका. निम्मे पैसे गाडी भरल्यावर, निम्मे पावतीवर, हे आधीच बोलून ठेवा. जो या अटीला कुरकुरतो, त्याला माल कुठे टाकायचा ते आधीच माहीत असतं.

मुंबईत पालिकेची डेब्रिज ऑन कॉल सेवा आहे, पण नंबर सर्च करून पहिला दिसेल तो लावू नका. ‘बुकिंगसाठी पाच रुपये भरा’ म्हणत लिंक किंवा ॲपची फाइल पाठवणारा पालिकेचा नसतो. नंबर पालिकेच्या वेबसाइटवरूनच घ्या. पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. उशीर होईल तसे पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात.

गाडी लांबली तर पोती बाल्कनीत रचायचा मोह होतो. घराच्या स्लॅबचा हिशोब चौरस मीटरला सुमारे 200 किलो भाराचा असतो. आडव्या पोत्यांचे दोन थर झाले की ती मर्यादा आलीच. भिंतीकडेला, पसरून ठेवा. जुने सिमेंटचे पत्रे यात मिसळू नका, फोडूही नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओले करून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून वेगळे द्या.

पितळी नळ, तांब्याची वायर, ग्रिल फोडण्याआधीच बाजूला काढा. ‘साफ करून देतो’ म्हणणाऱ्याचा खरा नफा अनेकदा यातच असतो.

फसला असाल तर हौद्याचा आणि नंबर प्लेटचा फोटो, व्यवहाराचा मेसेज आणि ऑनलाइन दिलेल्या पैशांची नोंद एकत्र ठेवा, आणि नोटीस येण्याआधीच वॉर्ड ऑफिसला गाडी नंबरासह लेखी कळवा. रोख दिलं असेल तर हाताशी उरतात ते फक्त फोटो आणि मेसेज.