चेहऱ्यासाठी काशाची वाटी: काही महिन्यांच्या नियमित वापरानंतर

तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीनं घासणं आपल्याकडे नवीन नाही. आता तीच वाटी लहान आकारात, लाकडी मुठीवर बसवून चेहऱ्यासाठी विकली जाते आणि खोक्यावर 'साठलेला ताण बाहेर काढते' असं छापलेलं असतं. मत आधीच सांगून टाकायचं तर, जबडा आणि कानशिलांसाठी वाटी उत्तम, कपाळासाठी ठीक. बाहेर मात्र ती काहीच काढत नाही. स्नायू सैल करते, तेही तास-दोन तासांपुरते. पुढे ते सैल राहतात की नाही, हे दिवसभर तुमचे दात एकमेकांवर टेकलेले असतात का यावर ठरतं.

राग गिळला की जबडा आवळतो. गालाच्या हाडाखालून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत मॅसेटर नावाचा जाड स्नायू असतो. दात दाबले की बोटाखाली त्याचा गोळा उठतो. कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला टेम्पोरॅलिस त्याचा जोडीदार. काळजीनं आठ्या पडतात त्या भुवयांमधल्या कॉरुगेटरमुळे. हा स्नायू पातळ आणि त्वचेला चिकटलेला. म्हणून जबड्यावर जो दाब चालतो तो कपाळावर चालत नाही. दुकानातली बहुतेक माहितीपत्रकं सगळ्या चेहऱ्यावर सारखंच घासायला सांगतात, तिथेच पहिली चूक होते. जबड्याचं दुखणं फसवंही असतं: मॅसेटरमधली गाठ दाढेत किंवा कानात दुखते, टेम्पोरॅलिसमधली वरच्या दातांत. दात किडलेला नाही आणि तरी ठणकतो, तर दंतवैद्यांना जबड्याचे स्नायूही तपासायला सांगा.

वाटी घेताना घुमट चार-पाच सेंटिमीटरचा घ्या. तळपायाची मोठी वाटी जबड्याच्या कोपऱ्यात नीट बसत नाही. खरं कासं म्हणजे तांबं साधारण 78 टक्के आणि कथील 22 टक्के. कथील महाग, त्यामुळे कासं पितळेपेक्षा महाग. फार स्वस्त मिळतंय म्हणजे बहुधा पितळच. टिचकी मारल्यावर कासं बराच वेळ घुमतं, पण मुठीवर बसवलेली वाटी तितकी घुमणार नाही. घुमटाच्या कडेवरून बोट फिरवून पाहा. खरखरीत कड गालावर ओरखडे काढते.

तेल पाच-सहा थेंब, बदामाचं किंवा तिळाचं. मुरुमांच्या त्वचेवर खोबरेल नको, छिद्रं बुजतात. घासण्याआधी ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ 'न' म्हणताना जिथे टेकते तिथे टाळूला हलकी लावलेली. हे केलं नाही तर वाटी आवळलेल्या स्नायूवर फिरते, आणि दुसऱ्या दिवशी जबडा उलट जास्त दुखतो.

सुरुवात मॅसेटरपासून. गालाच्या हाडाच्या खालच्या कडेपासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत सावकाश लहान गोल, प्रत्येक बाजूला साधारण एक मिनिट. दुखरा बिंदू सापडला की तिथे वाटी 20–30 सेकंद स्थिर दाबून धरा आणि तेवढ्यात तोंड दोन बोटं मावतील इतकंच हळूहळू उघडा-मिटा. दुखणं दहापैकी चारच्या वर जाऊ देऊ नका. श्वास रोखला गेला म्हणजे दाब जास्त झाला, हे मोजमाप आकड्यापेक्षा भरवशाचं. कानशिलावर दाब निम्मा करा. कानासमोर नाडी उडते ती जागा टाळून जरा मागे, केसांच्या आत जा. तेल केसांना लागू द्यायचं नसेल तर इथे कोरडी बोटंच बरी. कपाळावर फक्त भुवयांच्या मधून केसांकडे दहाएक संथ फेऱ्या, वाटीच्या वजनाइतक्याच दाबानं. सगळं मिळून सहा-सात मिनिटं पुरतात. कानाच्या पाळीखालच्या खळग्यात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना दाब द्यायचाच नाही. पहिल्या ठिकाणी चेहऱ्याची नस आणि लाळग्रंथी आहे. गळ्यात कॅरोटिड धमनीचं असं ठिकाण आहे की तिथे दाबल्यानं रक्तदाब एकदम उतरून चक्कर येऊ शकते.

आता काळ्या रंगाचं. घासताना चेहऱ्यावर करडी-काळी झाक येते आणि विकणारे सांगतात, बघा, उष्णता निघाली, विष निघालं. तसं काही नाही. तांब्याची तेलातल्या आणि घामातल्या आम्लांशी क्रिया होते, धातूही किंचित झिजतो. वाटीला तेलाचं बोट लावून सुती फडक्यावर घासा, फडकंही काळं होईल. त्याला कुठला राग आला होता? ओल्या कापडानं पुसलं की झाक जाते.

वाटीनंतरची पाच मिनिटं मला वाटीपेक्षा मोलाची वाटतात. शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी स्नायू आधी ताणून मग सोडण्याची पद्धत बसवली. 1973मध्ये बर्नस्टीन आणि बोर्कोवेक या मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या तिच्या आटोपशीर रूपात शरीरातल्या स्नायूंचे 16 गट आहेत, त्यातले तीन चेहऱ्याचे. भुवया पाच-सात सेकंद वर, मग सोडून अर्धा मिनिट नुसतं जाणवत राहायचं. मग डोळे घट्ट मिटून नाक आक्रसायचं आणि सोडायचं. तिसऱ्या गटात मूळ पद्धत दात दाबायला सांगते. ज्यांना दात खायची सवय आहे त्यांनी ते करू नये. त्याऐवजी हनुवटीखाली मूठ ठेवून तिच्या हलक्या विरोधात तोंड उघडायचा प्रयत्न करा, पाच सेकंद, पाच वेळा. तोंड उघडणारे स्नायू कामाला लागले की मिटणारे आपोआप ढिले पडतात. जीभ बाहेर काढून केलेलं योगातलं सिंहासनही चांगलं, पण जबडा कटकट वाजत असेल किंवा मध्येच अडकत असेल तर तोंड पूर्ण उघडू नका.

यादरम्यान जांभया येतात, डोळ्यांतून पाणी येतं, क्वचित रडूही फुटतं. श्वास संथ झाला आणि घशाची पकड सुटली की असं होतं. गालात कोंडलेली जुनी गोष्ट बाहेर पडली असा अर्थ लावायची गरज नाही. दर वेळी रडू येत असेल तर समुपदेशकाशी बोला, ते वाटीचं काम नाही. चेहरा बदलला की मन बदलतं हा दावाही बेतानं घ्यावा. 2022मध्ये 19 देशांतल्या 3,800हून अधिक लोकांवरचा अभ्यास आला. मुद्दाम हसू आणल्यानं आनंद वाढतो, पण थोडासाच, असं त्यात दिसलं.

फरक टिकवायला दिवसा एकच सवय लागते. ओठ मिटलेले, दात सुटे. दाराची कडी, मोबाईल, सिग्नल, जिथे हात किंवा नजर वारंवार जाते तिथे छोटा ठिपका चिकटवा आणि तो दिसला की जबडा तपासा. झोपेत दात खाण्यावर वाटी निरुपयोगी आहे. त्यासाठी दंतवैद्यांकडून मापाचा नाईट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं आवरण, करून घ्यावा लागतो.

चेहऱ्यात विजेच्या झटक्यासारख्या कळा येत असतील, नुकतंच चेहऱ्यात बोटॉक्स किंवा फिलरचं इंजेक्शन घेतलं असेल, मुरूम पिकलेले असतील तर वाटी लावू नका. पन्नाशीनंतर कानशिलात नव्यानं दुखू लागलं, घास चावताना जबडा भरून यायला लागला किंवा नजरेत फरक पडला, तर चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ही धमनीच्या सुजेची लक्षणं असू शकतात आणि त्यात दृष्टी जाऊ शकते.

वापर झाल्यावर वाटी साबणानं धुऊन लगेच कोरडी करा. काळवंडली तर चिंच किंवा पितांबरी चालते, पण नीट धुऊन काढा, चेहऱ्यावर फिरवायची आहे. मूठ पाण्यात भिजत ठेवली तर लाकूड फुगून जोड हलायला लागतो. फरशीवर पडू देऊ नका, काशाला तडा जातो.